दोन खोट्यांची सरासरी

गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरात मीठ किती लागलं, सांगता येईल? किलोत सांगायचं. आता हळद. आता लसूण. घरातल्या प्रत्येक माणसानं किती वेळा घरी जेवण केलं आणि किती वेळा बाहेर. वर्षभरात चपलांचे जोड किती घेतले, साड्या किती, त्यातल्या आहेरात आलेल्या किती.

असले प्रश्न परक्या माणसांच्या ओसरीवर बसून विचारण्याचा मला एकोणतीस वर्षं पगार मिळाला. आमच्या पदाचं नाव 'अन्वेषक'. ते उच्चारायचा लोकांना कंटाळा, म्हणून मी कुठं 'मोजणीवाली बाई' होते, कुठं 'पोलिओवाली'. दौंड तालुक्यातल्या एका वस्तीनं तर मला दोन दिवस वीज मंडळाची समजून काढले. मी आकडे गोळा करायला आले होते आणि लोक मला बघून तारांवरचे आकडे काढून ठेवत होते.

देशात गरीब किती, यावरून वर्तमानपत्रांत जी भांडणं होतात, त्या आकड्यांची सुरुवात या मीठ-हळदीपासून होते. 'तुम्ही गरीब आहात का?' असं आम्ही कुणालाच विचारत नसू. तसं विचारलं तर निम्मं गाव हो म्हणेल आणि उरलेलं निम्मं मारायला उठेल. त्याऐवजी काय खाल्लं, काय नेसलं, चुलीत काय जाळलं ते विचारायचं, बेरीज करायची, घरातल्या माणसांनी भागायचं आणि कागद वर पाठवायचे. वर त्याचं काय होतं ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. खाली काय होतं ते मात्र चांगलं माहीत आहे.

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून दिली की समोरचा विचारतो, "काय हो, ते सरकारी आकडे खरे असतात का?" आणि उत्तराच्या आधीच हसतो. त्याला मांडवात सांगता येत नाही ते इथं सांगते. गाव शिरूर तालुक्यातलं, घोडनदीच्या काठचं. नाव सांगणार नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. घरोघरची माहिती गुप्त ठेवायची, हा नियम अंगात इतका मुरला आहे की घरचे लोक 'आज भाजी काय?' म्हणून विचारतात तेव्हाही मी क्षणभर थांबते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. उन्हाळा होता. गावातल्या सगळ्या घरांची यादी करून झाली, दारांवर खडूनं नंबर टाकून झाले. मग त्यातली बारा घरं निवडायची. ती आपल्या मनानं निवडायची नसतात. त्यासाठी छापील आकड्यांचा तक्ता असतो, त्यात येईल तो नंबर. हे गावाला पटवणं सगळ्यात अवघड. तिथल्या सोसायटीचे चेअरमन आप्पा यांनी माझी यादी वाचली आणि चष्मा काढला.

"म्याडम, ही काय घरं निवडलीत? ह्यातली चार तर कुणाला ठावंबी न्हाईत. मी देतो की चांगली बारा."

"आप्पा, चांगली नकोत. जशी येतील तशी हवीत."

"आवं, पन शितं तपासायची तर वरची चार चांगली बघून घ्यावीत का न्हाई?"

मग त्यांना यादीत आठव्या क्रमांकावर स्वतःचंच घर दिसलं. तक्त्यात तो नंबर निघाला त्याला मी काय करणार? पण आप्पांचा चेहरा खुलला. "हां. आमच्याबिगर गावची यादी हुईलच कशी!" म्हणाले आणि मला मानानं ओसरीवर घेऊन गेले. फॉर्म उघडून मी पहिले दोन प्रश्न विचारले आणि तो चेहरा मिटला.

"हे पिवळ्या कार्डासाठी हाय का इन्कम टॅक्ससाठी?"

"दोन्हीसाठी नाही."

"मंग तिसरं कायतरी असंल," आप्पा म्हणाले आणि सावध होऊन बसले.

घरात माणसं किती? पाच. आप्पा, त्यांची मंडळी, मुलगा, सून, नातू. म्हशी? एक, तीही भाकड. एवढं बोलतायत तोवर मागच्या गोठ्यातून एक म्हैस हंबरली, तिला दुसरीनं उत्तर दिलं, आणि मग तिसरीही बोलली. आप्पा शांतपणे म्हणाले, "भावाच्या हायेत."

"भाऊ कुठे असतात?"

"पुण्याला."

दूध चहापुरतं. चहा गुळाचा. हा गृहस्थ साखर कारखान्याचा सभासद. मटण? "न्हाई, मी माळकरी." गळ्यात माळ दिसत नव्हती. मी तिकडं बघतेय हे पाहून म्हणाले, "गाठवायला दिलीया." शेवटी मीच कंटाळून पेन खाली ठेवलं, तर आप्पांनी मलाच सुनावलं. "हितं जवळच इनामगावाला खोदकाम झालं हुतं. मातीतनं खापरं काढून त्या लोकांनी सांगितलं, तीन हजार वर्सामागची मान्सं काय खात हुती. आन् आमी तुमच्याफुडं जित्ते बसलोय तरी तुमास्नी इचारावं लागतंय?"

मी म्हटलं, "आप्पा, मेलेली माणसं लपवत नाहीत." त्यांना ते आवडलं. हसले, चहा पाजला. साखरेचा होता. पण फॉर्मातला एक आकडा काही हलू दिला नाही. आमचा नियम असा की उलटतपासणी करायची नाही. माणूस सांगेल ते लिहायचं. फार तर दुसऱ्या वाटेनं पुन्हा विचारायचं.

दुसऱ्या दिवशी बाराव्या घरी गेले. हे गावाच्या अगदी टोकाला, पत्र्याचं. हौसाबाईंचं. त्यांचे सासरे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. नवऱ्यानं मेंढरं विकून रान धरलं. नवरा गेल्यावर मागं राहिलं तीन एकर कोरडवाहू, दोन शेळ्या आणि एक मुलगा, संपत. तो शिक्रापूरला एका कंपनीत लागला होता आणि तिथंच चौघांत मिळून खोली घेऊन राहायचा. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा.

"कुठनं आला म्हनायचं?" हौसाबाईंनी विचारलं.

"पुण्याहून. सरकारी नोकरीत आहे. घरची जरा माहिती घ्यायची होती."

एवढं ऐकलं आणि बाई आत पळाल्या. दहा मिनिटांनी बाहेर आल्या त्या तोंड धुऊन, घडी मोडलेलं लुगडं नेसून. माझ्यासाठी शेजारून खुर्ची आणली. माझ्या नोकरीत मला खुर्ची मिळालेली घरं बोटांवर मोजण्यासारखी. मी भारावूनच गेले.

"तांदूळ खाता का, मावशी?"

"आंबेमोहर. रोज."

"तूप?"

"त्याबिगर संपत घासच घेत न्हाई."

"मटण?"

"एक आयतवार चुकला न्हाई कवा."

"अंडी किती लागली महिन्यात?"

"अंडी काय कुनी मोजतं व्हय?"

चुलीचा धूर माझ्या डोळ्यांत जात होता. जळणाचं विचारलं तर म्हणाल्या, ग्यास. शेगडी दिसत नव्हती. "रिपेरला गेलीया." सिलेंडर? "तिच्यासंगं गेलाय." संपतचे बूट तीन जोड, एक ड्युटीचा, एक लग्नाकार्याचा, एक असाच. मी लिहीत होते आणि मनात म्हणत होते, या हिशोबानं या बाई पुण्यातल्या डॉक्टरांच्या वरच्या आहेत. शेजारच्या दोघी भिंतीआडून ऐकत होत्या, त्यांच्या तोंडाचा आ झाला होता.

फॉर्म संपला. हौसाबाई पदर सावरून म्हणाल्या, "आता म्या इचारू का?"

"विचारा की."

"पोरगी कशी हाय सोभावानं?"

खेड्यातल्या बायका मुलाबाळांची चौकशी करतातच. मला तेव्हा एकच मुलगी. म्हटलं, "चांगली आहे. जरा हट्टी आहे."

"निगंल हट्ट आमच्यात आल्यावर. रंगानं?"

"माझ्यासारखीच सावळी."

"आमास्नी रंगाचं काय न्हाई. शिक्षान?"

"बालवाडीत आहे."

"बालवाडीत शिकवती व्हय!" हौसाबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजी पगार असंल."

"शिकवत नाही हो. शिकते. चार वर्षांची आहे."

हौसाबाईंनी माझ्या मांडीवरच्या फॉर्माकडं बघितलं. मग त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "तुमी पोरीच्या मावशी न्हाई?"

तेव्हा उलगडा झाला. संपतला केडगावच्या बाजूची मुलगी सांगून आली होती. मुलीची मावशी पुण्यात सरकारी नोकरीत. ती आधी एकटीच येऊन घरदार बघून जाईल, असा निरोप होता. आणि आले मी, पिशवी घेऊन. जमीन किती, खाता काय, नेसता काय. सोयरीक बघायला आलेली बाई तरी आणखी वेगळं काय विचारणार होती?

आम्ही दोघी एवढ्या हसलो की शेळ्या दावं ताणून उठल्या. हसणं ओसरल्यावर मी फॉर्म पुन्हा उघडला. "आता खरं सांगा."

हौसाबाईंनी डोळ्यांनीच भिंतीकडं खूण केली. शेजारणी तिथंच होत्या. "आता न्हाई. आयतवारी पावनं येत्यात. ह्या दोघी गावभर सांगत्याल, आदी असं बोलली आन् मंग तसं. माझ्या पोराचं ठरू द्या, मंग खोडा." मी फॉर्म मिटला नाही तशा म्हणाल्या, "सरकारला आमची गरिबी आठ दिसांनी कळली म्हनून काय बिघडंल का?"

मी फॉर्म तसाच पिशवीत टाकला.

रविवारी मी गेले ती जरा उशिरानंच, पाहुणे गेले असतील या अंदाजानं. ते गेले नव्हते. मुलीचे चुलते फेट्यात बसले होते, आणि खरी मावशी पर्स मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत. संपत भिंतीला टेकून, नवा शर्ट, कॉलरमधली टाचणी काढायची राहून गेलेली. परत फिरावं तर चुलत्यांनी बघितलं. मी कोण हे हौसाबाईंनी सांगितलं, आणि चुलते म्हणाले, "बरं झालं. म्याडम, तुमच्या कागदावर समदं असंल. कसं हाय घर? आमची पोरगी द्यावी का?"

हौसाबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली की काय सांगू. माझ्या पिशवीत रोजचं तूप होतं, आंबेमोहर होता, बुटांचे तीन जोड होते. नुसता फॉर्म दाखवला असता तरी लग्न जमलं असतं. आणि मी खरं काय ते सांगितलं असतं तर मोडलंही असतं. नोकरीत पहिल्यांदाच मला आमच्या खात्याच्या कायद्याबद्दल मनापासून प्रेम वाटलं.

"मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "या घरची माहिती गुप्त आहे. कायद्यानं."

चुलते सरळ झाले. मावशीकडं वळून हळूच म्हणाले, "सरकार गुप्त ठेवतंय म्हंजी कायतरी असंलच की."

अर्ध्या तासात सुपारी फुटली. माझ्या वाट्याला पेढा आला. एक खरं सांगायला हवं. मावशी निघताना मला म्हणाल्या, "चुलीवरचं दूध बघितलं मी. शेळीचं होतं, म्हशीचं म्हणून दिलं. पण मुलगा सरळ आहे, आणि बाईनं माझ्यासाठी शेजारून खुर्ची आणली." म्हणजे तपासणीत त्या माझ्यापेक्षा सरस होत्या.

पाहुणे फाट्याकडं गेले. हौसाबाई घडीचं लुगडं बदलून आल्या, चुलीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "आता लिव्हा."

मी एकेक आकडा खोडत गेले. तांदूळ सणाला. तूप नाहीच, दिव्यालाही गोडेतेल. मटण जत्रेला एकदा, आणि एकदा शेजारून वाटीभर आलं होतं. जळण काटक्या, वेचून आणलेल्या. बूट एकच, कंपनीनं दिलेला. हे सांगताना त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. दुकानात यादी सांगावी तसं सांगत होत्या. शेवटी एक प्रश्न असतो, घरात सगळ्यांना वर्षभर दोन वेळचं पोटभर मिळतं का? हो, काही महिने, नाही, तीनच उत्तरं.

हौसाबाईंनी चुलीत काटकी सारली. "संपतला मिळतं," म्हणाल्या.

या उत्तराला कोड कुठला द्यायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी मी 'काही महिने' लिहिलं.

आमचे साहेब फॉर्म तपासायला दौंडला आले. ऊन फार म्हणून ते स्टेशनच्या बाहेर आलेच नाहीत. फलाटावरच्या चहाच्या स्टॉलशेजारी बाकावर बसून तपासणी. साहेब हुशार, पण माणसापेक्षा सरासरीवर जास्त विश्वास असलेले. हौसाबाईंच्या फॉर्मातली खाडाखोड बघून त्यांनी भुवया उंचावल्या. मी सगळी हकीकत सांगितली. मोठं काम केल्यासारखी सांगितली असणार. आप्पांचीही सांगितली, विनोद म्हणून.

साहेबांनी दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवले आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर गणित मांडलं.

"बाई, या बाईंनी फुगवून सांगितलं. या आप्पांनी दाबून सांगितलं. दोघांची बेरीज करून भागलं, तर गाव जवळपास बरोबर येत होतं. तुम्ही एकच खोटं दुरुस्त केलंत. दुसरं तसंच ठेवलंत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे तुम्ही खरं लिहिलंत आणि गाव खोटं पाडलंत."

मी पेनाचं टोपण काढलं.

"मग? हौसाबाईंचं तूप परत लिहू?"

"छे. आप्पांचं काढून आणा."

त्यांनी सहज म्हटलं, पण ते मला लागलं. गरीब बाईकडं मी दोनदा गेले होते. आप्पांसारख्यांकडं दुसऱ्यांदा कधी जात नसे. चहा घ्यायचा, हसायचं, पुढचं घर. भाकड म्हशी, गुळाचा चहा, पुण्याचे भाऊ, असलं किती मी जसंच्या तसं वर पाठवलं असेल! ते सगळं कुठल्या ना कुठल्या छापील पुस्तकात अजून असेल. सरकारी आकड्यांना लोक हसतात तेव्हा मला राग येत नाही तो यामुळं.

दुसऱ्या दिवशी दौंडहून शिरूरची एसटी, तिथून गावची. आप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. "म्याडम, समदं तर सांगितलं की!" म्हणाले. तेवढ्यात काकूंनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, आतून हाक मारली, "बाई उन्हातनं आल्यात, आत येऊ द्या. च्या ठेवलाय."

स्वयंपाकघरात गेल्यावर काकूंनी मला पाट दिला आणि आवाज खाली आणला. "त्यांनी सांगितलं ते वसरीवरचं. चुलीपाशीचं मला इचारा."

पुढचा पाऊण तास माझ्या नोकरीतला सगळ्यात सुखाचा. काकू पीठ मळता मळता सांगत होत्या आणि मी लिहीत होते. म्हशी चार, दोन दुभत्या. साखर पोत्यानं. तूप घरचं. मटण दर बुधवारी, आणि सगळ्यात मोठी वाटी माळकऱ्यांची. बाहेरून मधूनच आप्पा विचारत, "काय चाललंय?" काकू म्हणत, "च्या उकळतोय." तीनदा उकळला.

शेवटी भाकरीवर आलो. धान्याचा आकडा काढायचा तर भाकरी विचारणं सोपं पडतं.

"दिवसाला भाकरी किती थापता?"

"तेवीस."

"कुणाच्या किती?"

"ह्यांच्या सहा. पोराच्या सात. सुनंच्या तीन, माझ्या तीन. नातवाची एक."

मी बेरीज केली. वीस. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काकू, तीन उरतात. त्या कुणाला घालता?"

काकूंचा हात परातीत थांबला. बेरीज चुकली का म्हणून मी पुन्हा करायला लागले, तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारातून आवाज आला.

"त्या माझ्या."

तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. हातात निवडायचं सूप. काकू माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मंगल. पोरगी आमची. दीड वर्स झालं सासरनं आलीया. परत जायाचं न्हाई तिला, आन् आमी लावनार बी न्हाई." मग पीठ पुन्हा मळत, "ह्यांनी मुद्दाम न्हाई वगळलं, बाई. कुनी इचारलं की त्यांच्या तोंडनं पाचच निगतंय."

मंगल येऊन माझ्याशेजारी बसली. "मला बी लिव्हा," म्हणाली.

फॉर्मात माणसांचं पान पहिलं. पाच ओळी भरलेल्या होत्या, सहावी मोकळी. मी नाव लिहिलं, नातं लिहिलं, वय लिहिलं. पुढचा रकाना लग्नाचा. मी पेन धरून थांबले, तर तिनंच वाकून खाली छापलेली यादी वाचली. अविवाहित एक, विवाहित दोन, विधवा तीन, विभक्त चार.

"चार," ती म्हणाली. "चार लिव्हा."

मी लिहिलं. वर बघितलं तर दारात आप्पा उभे. पेपर हातात तसाच. म्हशी, साखर, तूप, सगळं त्यांनी ऐकलं असणार. मला वाटलं, आता फॉर्म फाडतात. काकूंनाही तेच वाटलं असावं, कारण त्या पिठाच्या हातानं उभ्या राहिल्या.

आप्पा माझ्या मांडीवरच्या पानाकडं बघत होते. सहाव्या ओळीकडं.

"शिक्षान काय लिव्हलं तिचं?"

"अजून विचारलं नाही."

"धावी पास." आप्पांनी पेपरची घडी केली. "शाळंत पयली आली हुती. पेढं वाटलं हुतं आमी."

एवढंच बोलले आणि ओसरीवर जाऊन बसले.

शिक्षणाच्या रकान्यात एका अंकाची जागा असते. पहिली आली होती, हे कुठं लिहायची सोय नाही. शेवटच्या पानावर 'शेरा' म्हणून चार ओळी सोडलेल्या असतात, अन्वेषकाला काही अडचण आल्यास लिहिण्यासाठी. तिथं मी लिहिलं: 'सदस्य क्रमांक सहा, दहावीला शाळेत पहिली.'

साहेबांनी तो फॉर्म दौंडच्या त्याच बाकावर तपासला. सरासरी पुन्हा काढली. "तूप वाढलं, पण माणूसही वाढलं," म्हणाले, आणि उत्तर बरोबर आलं की नाही ते सांगितलं नाही. मग शेऱ्याशी थांबले.

"याचा उपयोग काय?"

"काही नाही, साहेब."

त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. खोडायला उचललेल्या पेनानं खाली तपासल्याची सही केली आणि पान उलटलं.